एकच जण? मग पार्सल देऊ का?

हॉटेलात एकटी बाई शिरली की गल्ल्यावरचा माणूस आधी तिच्या मागं बघतो. मागून अजून कोण येतंय का, नवरा गाडी लावत असेल, पोरं उतरत असतील वगैरे, आणि कोणीच येत नाही म्हटल्यावर मग ठरलेला प्रश्न, "पार्सल का मॅडम?" सोलापुरात बदली होऊन आल्यापासून मला हे इतक्यांदा विचारून झालंय की आता मी दारातनंच सांगते, बसून खाणारे, एकटीच आहे. यात सोलापूरला नावं ठेवायचं काही कारण नाही, मालवणात पण असंच आहे, आणि मला ते गल्ल्याच्या आतल्या बाजूनं माहितीये कारण आमच्या आईची तिथं घरगुती खानावळ आहे.

सीझनला मालवणात काय होतं बघा. तारकर्ली-देवबागला पाण्यात उतरून आलेले, सिंधुदुर्ग किल्ला बघून होडीतनं परतलेले, असे सहा-आठ जणांचे ग्रुप भर दीड वाजता एकदम येतात, सगळ्यांचे केस ओले आणि सगळ्यांना सुरमई थाळी. त्यात एक एकटा माणूस येतो आणि चार खुर्च्यांच्या टेबलावर बसतो. तीन खुर्च्या अडकल्या. तो थाळी एकच घेणार, वर सोलकढी तीनदा मागणार, आणि घाई नसल्यामुळं बांगड्याचा एकेक काटा काढत बसणार. रस्त्यावरची बरीच हॉटेलं अशा माणसाला "थांबा जरा, टेबल होतंय" म्हणून बाहेर बाकड्यावर बसवून ठेवतात हे मी लहानपणापासून बघितलंय. आईचं मात्र उलटं. तिनं स्वयंपाकघराच्या दारापाशी एक छोटं टेबल खास एकट्यांसाठी ठेवलेलं, पंखा नाही, वास सगळा अंगावर, पण तव्यावरचं पहिलं तिथं जाणार. तिचं म्हणणं, "एकटो माणूस गजाली मारूक येणा नाय, जेवूक येता." त्यामुळं एकटं जेवायला जायची मला लाज वगैरे कधी वाटली नाही, फक्त बसायला नीट जागा मिळावी एवढंच.

तर तो रविवार. रविवारी आमच्या डबेवाल्या काकूंची सुट्टी असते. जून लागलेला, ढग नुसते येऊन बघून जात होते, ऊन मात्र मे महिन्याचंच. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली पडून मॅगीचा विचार केला आणि माझाच मला राग आला, मग ओढणी डोक्याला गुंडाळून आसरा चौकातनं रिक्षा पकडली सात रस्त्याला. आठवड्यात बँकेतल्या लोकांबरोबर मी शाकाहारी लिंगायत खानावळीत जाते, तिथली शेंगापोळी आणि हुग्गी यावर वेगळं लिहावं लागेल, पण रविवारी मला काटा नाहीतर हाड लागतं. सात रस्त्याच्या अलीकडं एका बोळात एक खानावळ आहे, नाव नाही सांगत, आधीच तिथं गर्दी असते. बाहेर फळ्यावर खडूनं मटण ताट, अंडाकरी आणि खाली वेगळ्या अक्षरात लिहिलेलं, उजनी चिलापी फ्राय मिळेल. चिलापी म्हणजे तिलापिया, उजनी धरणातला मासा.

आता मालवणच्या मुलीनं सोलापुरात मासा खायचा का, यावर आमच्या घरी भांडण होऊ शकतं. इथं मिळणारी सुरमई मी घेत नाही, रात्रभर बर्फात झोपून आलेल्या माशाची मला दया येते. पण जूनमध्ये मालवणात तरी कुठला ताजा मासा? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, माशांचा अंडी घालायचा काळ, सगळ्या होड्या वर ओढून ठेवलेल्या. आईच्या खानावळीत पण या दिवसांत सुका बांगडा, सुकट, गोलमो हेच चालू असतं आणि पर्यटक नसतातच. म्हणजे इथं बसून ताज्या पापलेटसाठी उसासे टाकायला काही अर्थच नाही, आणि उजनी तर इथनं दोन तासावर आहे. खाऊन बघू.

आत शिरल्या शिरल्या तेच, मागं बघणं आणि "पार्सल?" मी म्हटलं बसून खाणार. मालकानं वर बोट दाखवलं, "फॅमिली वर हाय मॅडम." वर गेले तर कोणाच्या तरी जावळाची मंडळी जेवत होती, अख्खा मजला त्यांचाच, पोरं टेबलाखालनं पळत होती. परत खाली. मालक जरा अवघडला, खाली सगळे पुरुष, पॉवरलूमवरची पोरं, दोन पोलीस, एक एसटीचा ड्रायव्हर-कंडक्टर, आणि कोणी माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही कारण सगळ्यांच्या ताटात रस्सा होता. मी म्हटलं ती भाकरीपाशी जागा आहे ना, तिथं बसते. "तिथं गरम होतंय की ओ." होऊ दे म्हटलं. आमच्या घरची सवय.

ती जागा म्हणजे खरं तर टेबल नव्हतंच, भिंतीला टेकवलेलं एक लांबट बाकडं, समोर दोन स्टूल, आणि हाताच्या अंतरावर भाकरीची चूल. ऑर्डर द्यायच्या आधीच पोऱ्यानं स्टीलच्या ताटलीत कडक भाकरीचे तुकडे, शेंगा चटणी आणि वाटीत दही ठेवलं. हे फुकट असतं आणि हेच धोक्याचं असतं, जेवण यायच्या आत पोट भरतं. शेंगा चटणी मी पुण्यात पण खाल्लीय, ती कोरडी, भुगा भुगा. इथली उखळात कुटलेली, म्हणजे शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ एकत्र इतकं कुटायचं की दाण्याचं तेल बाहेर येऊन सगळं चिकट लालभडक होतं, बोटानं दाबलं तर बोटाला तेल लागलं पाहिजे. मिक्सरमध्ये पातं फिरतं, कुटलं जात नाही, म्हणून ते होत नाही. कडक भाकरी म्हणजे पातळ भाकरी मंद आचेवर कापडानं दाबत दाबत पार वाळेपर्यंत भाजलेली, कुरकुरीत, कितीतरी दिवस टिकते. सोलापुरात घरोघरी बायका करून विकतात आणि पाकिटातनं पुण्या-मुंबईला जाते. दह्यात चटणी कालवायची, त्यात तुकडा बुडवायचा. मी ठरवून अर्धीच ताटली खाल्ली, म्हणजे ठरवलं होतं तसं.

मग पोऱ्याला म्हटलं हाफ मटण ताट आणि एक चिलापी, पण आधी मासा बघायचाय. तो बघतच राहिला. "बघून काय करता मॅडम, फ्रायच खायचंय की." गल्ल्यावरनं मालक ओरडला, "दाखव की बे, बघू दे त्यांना." आतनं परात आली. पंजाएवढ्या चिलाप्या, खवलं काढलेली, पण डोकी होती हे बरं. मी कल्ला उचकटून बघितला, लाल, चिकट नाही. डोळा फुगीर. नाकाशी धरली तर थोडा गाळाचा वास, तो गोड्या पाण्याच्या माशाला असतोच, शिळेपणाचा वास वेगळा. एक जाडसर निवडून दिली. दोन्ही पोलीस आता मात्र बघत होते.

परातीचा फोटो आईला पाठवला. दोन मिनिटात व्हॉइस मेसेज. "ह्यो कसलो मासो गो? काळुंद्रासारखो दिसता. कल्लो बघलंस?" काळुंद्र म्हणजे आमच्या खाडीतला मासा. कल्ला बघितला म्हणून सांगितलं. मग दुसरा मेसेज, "कोण वांगडा हा?", म्हणजे सोबत कोण आहे. कोणी नाही म्हटल्यावर तिसरा मेसेज आलाच नाही, म्हणजे ती समाधानानं झोपली असावी.

भाकरी करणाऱ्या मावशींकडं बघत बसले. बघण्यासारखंच होतं. परातीत ज्वारीचं पीठ, गरम पाणी, एका भाकरीपुरताच गोळा मळायचा, पुढचं पीठ कोरडंच ठेवायचं. खाली पीठ भुरभुरून तळव्यानं थापत थापत फिरवायची, हात उचलायचा नाही, कड आपोआप गोल होत जाते. पिठाची बाजू वर करून तव्यावर, लगेच वरनं पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची आणि मग तव्यावरनं काढून निखाऱ्यासमोर उभी. टम्म. आमच्याकडं तांदळाची भाकरी, ती मला येते, पण ज्वारीची माझ्याकडनं कडेला चिरते. मावशींना विचारलं तर न बघताच म्हणाल्या, "पीठ जुनं आसंल. नव्या ज्वारीचं दळून घ्या, आठवड्याचं आठवड्याला." ज्वारी मालदांडी जातीचीच ना म्हटलं, तर मान वळवून पहिल्यांदा बघितलं माझ्याकडं. "मग? मंगळवेढ्याची हाय." मंगळवेढ्याची काळी जमीन, पाऊस संपता संपता पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी ज्वारी, फेब्रुवारी-मार्चात काढणी. २०१६ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. म्हणजे जूनमध्ये ज्वारी नवीनच असते आणि भाकरी खायला हाच चांगला काळ, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या स्टूलपाशी एक आजोबा. पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल. "बसू का अक्का? का कोण यायचंय?" कोण नाही, बसा. "एकट्याच? मग बरंय की, मी पण एकटाच." आणि बसले. एकटीनं जेवायचं सुख वगैरे संपलं. पण खरं सांगू का, सोलापूरच्या खानावळीत एकटं कोणाला ठेवतच नाहीत, रिकामं स्टूल दिसलं की कोणतरी येऊन बसणार आणि तुमच्या ताटात बघणार. तिकडं समुद्राकाठी टेबल आपलं असतं, बाजूचा ग्रुप त्याच्या गोंधळात, आपण आपल्या ताटात. इथं ताट आपलं, टेबल गावाचं.

आजोबांचं नाव अण्णा, विणकर पद्मशाली समाजातले, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी, सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे इथं पॉवरलूमचा, पत्र्याच्या शेडमधला. बायको विड्या वळायची, आता कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात, रविवारी मुलाकडं शहरात येतात आणि सुनेला कळायच्या आत इथं येऊन मटण खाऊन जातात. "डॉक्टरनं बंद केलंय," म्हणाले, आणि पोऱ्याला फुल ताट सांगितलं.

माझं ताट आलं. वाटीत अळणी रस्सा, दुसऱ्या वाटीत काळा रस्सा वर बोटभर कट, सुकं मटण, कांदा, लिंबू, आणि चुलीवरनं थेट ताटात पडलेली भाकरी, मावशींनी स्वतः हात लांब करून टाकली. हाच त्या जागेचा फायदा. वर जावळवाल्यांना भाकऱ्या टोपलीत चळत लावून जात होत्या, वाफ धरून खालच्या मऊ पडतात. मला एक संपली की एक. सहा जणांबरोबर आले असते तर ही भाकरी मिळाली नसती, एवढं नक्की.

अळणी आधी पिऊन टाकला, मीठ-हळद-आलं-लसणाचा, निवांत. काळ्या रश्शात मी भाकरीचा तुकडा नीट मोडून बुडवायला लागले तर अण्णा अस्वस्थ. "आसं कसं खालालाव अक्का." त्यांनी करून दाखवलं, कडक भाकरी घ्यायची, ती ताटात बारीक चुरायची, वर रस्सा ओतायचा, सुकं मटण मध्ये, आणि घटकाभर हात लावायचा नाही. "मुरू द्या की जरा." मुरलं. भाकरी रस्सा पिऊन मऊ झाली तरी मधे मधे कण दाताखाली कडक लागतात, आणि काळं तिखट, खोबरं, दाण्याचं कूट सगळं त्यात जाऊन बसलेलं. मऊ भाकरी वेगळी चटणीबरोबर खायची, कडक भाकरी रश्शाला. एकदा तसं खाल्ल्यावर तुकडा बुडवून खाणं पोरकट वाटायला लागलं. तिखट मात्र आपल्या मालवणी तिखटासारखं पुढं येऊन भांडत नाही, मागनं येतं, कानापाशी. ताक मागवलं.

आणि मग चिलापी. तिरक्या चिरा पाडलेल्या, लसूण-तिखट-हळद, वरनं रवा नाही तांदळाचं पीठ नाही, ज्वारीचं पीठ लावलेलं! ही कल्पना मी घरी चोरणार आहे, कवच जाड झालं पण खमंग. आतला मासा पांढरा, घट्ट, चवीला जवळजवळ काहीच नाही, म्हणजे वाईट नाही पण त्याचं स्वतःचं म्हणणं काही नाही, जो मसाला लावाल तो तो बोलतो. काटा सोपा, मधला कणा आणि बरगड्या, रोहू-कटल्यासारखे मांसात लपलेले दुबेळके, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेले काटे नाहीत, लहान पोराला पण देता येईल. गाळाचा वास तळून पुष्कळ गेला होता, पोटापाशी राहिला होता थोडा. आंबट काहीतरी पाहिजे होतं. लिंबानं वास झाकतो, कोकमानं मरतो, असं माझं मत.

अण्णांना तुकडा दिला, त्यांनी नको नको म्हणत दोन घेतले. म्हणाले आमच्या लहानपणी ही नव्हतीच, भीमेची मरळ नाहीतर वाम यायची, ती पण क्वचित. धरण झालं १९८० ला आणि नंतर ही आली ती सगळीकडं हीच. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली १९५२ साली, आणि एकदा पाण्यात शिरली की बाकीच्यांना जागा ठेवत नाही. आता उजनीकाठच्या कितीतरी मच्छीमारांचं घर तिच्यावर चालतं, तेव्हा नावं ठेवायची तरी कोणत्या तोंडानं. पण अण्णांचा खरा विषय पाणी. सोलापुरात कुठल्याही जेवणात उजनी येतेच, प्लस का मायनस. धरण साधारण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, वरचं वापरायचं संपलं की उजनी मायनसमध्ये गेली म्हणायचं आणि मग नळाचं पाणी अजून एक दिवस लांबायचं. मी समुद्रावरची, पाणी कधी मोजलेलं नाही. अण्णांना आजचा आकडा तोंडपाठ होता. "मायनसमध्ये मासा घावतोय लई," म्हणाले, "पाणी कमी, जाळ्यात येतंय. म्हणून फळ्यावर लिवलंय त्यानं."

भात मी घेतला नाही. भातावर वाढलेली माणूस भात नको म्हणाली हे आईला सांगायचं नाही.

बिल द्यायला गल्ल्यावर गेले. ताकाचे पैसे लावले नव्हते, अण्णांनी हातानं खूण करून त्यांच्याकडं घेतलं होतं, वाद घातला तर ऐकू येत नसल्यासारखं केलं. मालकानं बडीशेप पुढं केली आणि विचारलं, "मासा कसा वाटला? तुम्ही तिकडच्या दिसताव." मी पण मग खानावळवालीच्या पोरीसारखं सांगून टाकलं, मासा ताजा होता, रंग कमी घाला, पोट आतनं खरवडून मिठानं चोळा, आणि फ्राय ठेवाच पण याचं तिखलं करून बघा, लाल मिरची, लसूण, कोकम आणि तिरफळ, अंगाबरोबर रस, खोबरं लागत नाही. आम्ही बांगड्याचं करतो, पण गाळाच्या वासाला तिरफळासारखं औषध नाही. तिरफळ काय असतं ते त्याला माहीत नव्हतं. मिऱ्यासारखं दिसतं, बी काढून नुसती साल वापरायची, ठेचून शेवटी टाकायची, खायची नसते, असं सगळं सांगितलं, मागं बिल द्यायला दोघं तिघं ताटकळत उभे. तो म्हणाला, "आणा की मग. करून बघू एक दिवस, मावशीला सांगतो."

आईकडं गेल्या वर्षीची वाळवलेली तिरफळं डबाभर आहेत. भाऊ कोल्हापूरला असतो, तो गावाहून येताना घेऊन येईल, तिथनं पुढं सोलापूरच्या एसटीत कोणाच्या तरी हाती. कोकमं माझ्याकडं आहेतच. मालकानं एकच अट घातलीय, पहिली चव मी तिथं बसून बघायची, आणि रविवारी पावणेबाराला यायचं, एकनंतर ती भाकरीपाशी जागा मिळणार नाही.